दुपारी दोन ते चारची गिऱ्हाइकं

गर्भपात हे पाप की बाईचा हक्क, यावर आमच्या भिशीत ज्या बायका हिरिरीने बोलतात, त्यांतल्या बऱ्याच जणी कधी ना कधी दुपारच्या वेळी माझ्या काउंटरला येऊन गेल्या आहेत. कोण, कधी, कशासाठी ते माझ्या पोटात. पण गेल्या भिशीत एकीने "हल्लीच्या पोरींना काही वाटतच नाही हो, गोळी घेतली की मोकळ्या" असं म्हटलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या, तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात घोळतंय.

चोपड्यात आमचं मेडिकल आहे, सासऱ्यांनी काढलेलं. मी डी. फार्म. होऊन या घरात आले. (लायसन्सला सून मिळाली, असं माझी बहीण म्हणते. तिचं फारसं चुकत नाही.) सकाळ-संध्याकाळ नवरा बसतो, दुपारी मी. दोन ते चार बाजार थंड असतो. उन्हाळ्यात तर अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर ट्रकांशिवाय चिटपाखरू नसतं. पुरुषमाणसं जेवून आडवी झालेली असतात. तेव्हा बायका येतात. आधी डोकेदुखीची गोळी मागतात, मग बामची डबी, मग पंख्याकडे बघत म्हणतात, "ताई, पाळी चुकनी. गोई शे का?"

कुठली गोळी, हे मला आधी काढून घ्यावं लागतं, कारण लोकांच्या डोक्यात सगळ्या गोळ्यांची खिचडी झालेली आहे. बहात्तर तासांची गोळी वेगळी. ती संबंधानंतर जितक्या लवकर घ्याल तितकी बरी. ती बीज बाहेर पडणं लांबवते आणि राहिलेला गर्भ तिने पडत नाही. रोजची माला-डीसारखी पाकिटातली गोळी वेगळी. आठवड्याची छाया वेगळी. आणि गर्भपाताचं किट वेगळं: एक मिफेप्रिस्टोनची गोळी, चार मिसोप्रोस्टॉलच्या. हे किट डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही आणि कायद्याने नऊ आठवड्यांपर्यंतच वापरता येतं. तरी बहात्तर तासांची गोळी मागणाऱ्या बाईकडे लोक गर्भपात करून आल्यासारखं बघतात. दोन महिने पाळी चुकलेली बाई मात्र "ती टीव्हीवरची द्या" म्हणते, आणि तिला सांगावं लागतं की बाई, आता तिचा काही उपयोग नाही.

एक गंमत सांगते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. त्याच्या आधी आठ-दहा दिवस माझ्याकडे पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांचा खप बघा! घरात देवी येणार, रोट करायचे, पुरणाचा स्वयंपाक, आणि नेमकी तारीख आली तर काय? तेव्हा सासवा स्वतः सुनांना घेऊन येतात. कुणीही विचारत नाही की ही हार्मोनची गोळी आहे, शरीराला काय करील, निसर्गाच्या विरुद्ध आहे का. त्याच घरातली सून दिवाळीनंतर पाळणा लांबवायची गोळी मागायला आली की ती "गरम पडते", तिने "पुढे मूल होत नाही", आणि तांबी म्हणजे कॉपर-टी तर "वर चढून काळजाला लागते". माझी स्वतःची तांबी धाकट्यानंतर कितीतरी वर्षं होती, कुठे चढली नाही.

आता किटबद्दल. आम्ही ते ठेवत नाही. चोपड्यातच काय, महाराष्ट्रात अनेक मेडिकलवाले ठेवत नाहीत, आणि याचं कारण समजून घेतल्याशिवाय हा सगळा वाद कळत नाही. २०११ च्या जनगणनेत आमच्या जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८४२ मुली निघाल्या. राज्याचा आकडा ८९४ होता. केळीचा, कापसाचा, सोन्याच्या पेढ्यांचा जिल्हा, आणि मुली सगळ्यांत कमी असलेल्या जिल्ह्यांच्या रांगेत. वरच्या अंगाला सातपुड्यातल्या आदिवासी पाड्यांचा नंदुरबार जिल्हा ९४४ वर होता. पैसा, सोनोग्राफी आणि डांबरी रस्ता जिथे आधी पोहोचला तिथे मुली आधी कमी झाल्या, हे काही मी नव्याने सांगत नाही.

२०१२ मध्ये बीडचं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण गाजलं, आणि त्यानंतर औषध खात्याने किटवर कडक नजर ठेवली. प्रत्येक किटची चिठ्ठी दाखवा, बिल दाखवा, डॉक्टरचा नोंदणी क्रमांक दाखवा. नियम चुकीचे नव्हते, पण छोट्या दुकानदाराने हिशेब केला: एका किटमागे सुटणार किती आणि इन्स्पेक्टरसमोर उभं राहायचं किती वेळ? होलसेलवाल्याने पाठवणं बंद केलं, आम्ही मागवणं बंद केलं.

यात बुद्धीला न पटणारी गोष्ट अशी की सोनोग्राफीत लिंग नीट दिसायला बारा-तेरा आठवडे तरी जावे लागतात. किट नऊ आठवड्यांच्या आतलं. मुलगी आहे हे कळून पाडणारा माणूस त्या गोळ्यांच्या पलीकडे गेलेला असतो, त्याला मशीन लागतं, डॉक्टर लागतो आणि जाडजूड पाकीट लागतं. गोळ्या बंद करून त्याचं काहीच अडलं नाही. अडलं ते सातव्या आठवड्यात घाबरून आलेल्या बाईचं. मग कुणी सेंधव्याहून आणतं, कुणी सुरतेला असलेल्या दिराकरवी मागवतं. डबी येते, पण किती दिवस भरले हे कुणी मोजलेलं नसतं, गर्भ पिशवीत आहे की नळीत हे कुणी बघितलेलं नसतं, आणि रक्तस्राव थांबला नाही तर कुठे जायचं हे कुणी सांगितलेलं नसतं. नळीतला गर्भ या गोळ्यांनी पडत नाही. नळी फुटली तर बाई जाते. भारतातल्या गर्भपातांवरचा एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये 'लॅन्सेट'च्या जर्नलमध्ये आला होता. २०१५ या एका वर्षात देशात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यांतले ७३ टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्यांनी झाले, असा त्याचा अंदाज आहे. म्हणजे भिशीत जे 'घडू नये' म्हणून आम्ही बोलतो ते घडतच असतं. फक्त कुणाच्या देखरेखीखाली घडत नाही.

आता ज्या बाईमुळे मला हा विषय सोडवेना, तिच्याविषयी.

धानोऱ्याच्या अंगाच्या एका खेड्यातली. वय सव्वीस-सत्तावीस. नवरा केळीच्या गाडीवर भरणीला जातो. पदरात दोन पोरी. धाकटी बरोबर होती, काउंटरच्या काचेवर जीभ लावून ओआरएसच्या पुड्या बघत होती. बाईने डोकेदुखीची गोळी मागितली नाही, बाम मागितला नाही, सरळ म्हणाली, "ताई, दीड महिना वर व्हई गया." मी नेहमीसारखं विचारलं, नवऱ्याला माहीत आहे का? नाही म्हणाली. सासूला? नाही. मग जे म्हणाली ते मी विसरू शकत नाही. "तेस्ले समजाना पहिलेच मले मोकळं होनं शे." (त्यांना कळायच्या आधीच मला मोकळं व्हायचंय.)

आधी मला वाटलं, मूल नकोय एवढंच. तसं नव्हतं. मागे एका खेपेला, म्हणजे काचेवर जीभ लावणारीच्या आणि थोरलीच्या मधे, तिला एका गाडीत घालून नदीपलीकडे नेलं होतं. कुठे ते तिला सांगितलं नाही. बाहेर येऊन नवरा सासूशी बोलला, सासू गप्प झाली, आणि चौथ्या महिन्यात तिची 'पिशवी साफ' झाली. आता परत दिवस गेल्याचं कळलं तर परत गाडी येणार. मुलगा निघाला तर ठेवणार, मुलगी निघाली तर चौथ्या महिन्यातलं ते सगळं परत. "तवय ती हालत होती," म्हणाली. तिला ती वेळच येऊ द्यायची नव्हती. सहा-सात आठवड्यांत, पोटातलं कुणालाच मुलगा किंवा मुलगी म्हणता येत नाही तेव्हाच, तिला थांबायचं होतं.

कुठल्या खणात टाकाल हा गर्भपात? हक्क म्हणाल, तर तो भीतीपोटी घेतलेला. पाप म्हणाल, तर मग त्याहून मोठ्या पापातून सुटायची तिची ती एकच वाट होती. भिशीतल्या आमच्या दोन्ही बाजू तिथे काउंटरवर निरुत्तर होत्या.

मी तिला सरकारी दवाखान्यात पाठवलं. कुठल्या ते लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी परत आली. "नवऱ्याची सही आणा" म्हणून सांगितलं होतं. हे आमच्याकडे इतकं सर्रास आहे की बायकांना तो कायदाच वाटतो. तो कायदा नाही. १९७१ चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा कलम ३ मध्ये साफ सांगतो की अठरा वर्षांवरच्या बाईची स्वतःची संमती पुरते. संमतीच्या नमुन्यावर, ज्याला फॉर्म सी म्हणतात, सहीची जागा बाईची आहे. अठराच्या आतली असेल तर पालकाची लागते. नवऱ्याची सही त्यात कुठेच मागितलेली नाही. मी दुकानाच्या कोऱ्या बिलावर हे सगळं लिहून, खाली माझा शिक्का मारून तिच्या हातात दिलं. त्या शिक्क्याला कायद्यात काही किंमत नाही हे मलाही माहीत आहे, पण आपल्याकडे शिक्का बघितला की आवाज खाली येतो.

आवाज आला खाली. मग दुसरी अट निघाली: "करतो, पण सोबत टाक्याचं ऑपरेशन करून घे. नाहीतर परत येशील." हीही अट कायद्यात नाही. तिला ऑपरेशन नको होतं. कारण? घरात कळलं असतं. आणि तिच्याच शब्दांत, ऑपरेशन झालेल्या, मुलगा नसलेल्या बाईला घरात कोण ठेवतं? शेवटी एका समजूतदार सिस्टरने मधे पडून तिला तांबी बसवून घ्यायला तयार केलं. तिने ती मनापासून घेतली की सुटका व्हावी म्हणून, मी विचारलं नाही.

मूल थांबवणं हा तिचा हक्क, असं आपण पोस्टरवर लिहितो. पण तो हक्क बजावायला गेली की एक म्हणतो नवऱ्याला विचारून ये, दुसरा म्हणतो आमच्या अटीवर घे. पाडायचं तर परवानगी, टाळायचं तर जबरदस्ती. तिचं म्हणणं काय, ते कुठल्याच रकान्यात मावत नाही.

हे सगळं मी रात्री घरी सांगितलं, नाव-गाव वगळून. माझ्या सासूबाई माळकरी. दर एकादशी धरतात, मुक्ताईची पालखी निघते तेव्हा गुडघे दुखत असले तरी वेशीपर्यंत जातात. त्यांच्या लेखी गर्भ म्हणजे जीव, पहिल्या दिवसापासून. मी त्यांना अडाणी म्हणणार नाही, कारण त्यांच्याशी वाद घालताना माझीच दमछाक होते. त्या दिवशी त्यांनी नेमकं बोट ठेवलं: "तू म्हणतेस, शरीर तिचं, मर्जी तिची. मग जी बाई स्वतःच्या मर्जीने म्हणाली, मुलगी आहे तर नको, तिला तू कुठल्या तोंडाने अडवणार?"

याला मी उत्तर दिलं ते असं. आपला लिंगनिदानाचा कायदा, १९९४ चा, मुख्यतः चाचणी करणाऱ्याला आणि करवून घेणाऱ्यांना धरतो. बाईवर नवऱ्याने आणि नातलगांनी जबरदस्ती केली असंच कोर्टाने आधी गृहीत धरायचं, उलटं सिद्ध होईपर्यंत, असं त्यात लिहिलं आहे. म्हणजे कायदा बनवणाऱ्यांनाही माहीत होतं की या बाबतीतली 'मर्जी' बहुतेक वेळा तिची नसते. त्यांनी गर्भपात बंद केला नाही, लिंग बघणं बंद केलं. सासूबाई म्हणाल्या, "बहुतेक वेळा. आणि जेव्हा तिचीच असते तेव्हा?" मी गप्प बसले. अजूनही त्या प्रश्नाचं पुरं उत्तर माझ्याकडे नाही. एवढंच म्हणू शकते की एका बाईची निवड आणि तालुक्याच्या तालुक्याने केलेली एकच निवड या दोन गोष्टी मला सारख्या वाटत नाहीत. पण हे म्हणताना मलाच पायाखाली जमीन थोडी भुसभुशीत लागते.

व्यंगाच्या बाबतीत तर ती आणखी भुसभुशीत होते. बाजाराच्या दिवशी सातपुड्यातून उतरणारं एक पावरा जोडपं आमच्याकडे येतं. मुलाला सिकलसेल आहे, रक्ताचा आनुवंशिक आजार. आई-वडील दोघेही वाहक, म्हणजे प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता. सरकारी साठा संपला की हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक अ‍ॅसिड आमच्याकडून नेतात. मुलगा हाडकुळा, डोळे पिवळसर, पण भलता चौकस. आमचं बारकोडचं यंत्र त्याला हातात घेऊन बघायचं असतं, आणि मी देते. गेल्या वर्षी त्या बाईला पुन्हा दिवस गेले. सुरुवातीलाच मुंबईला जाऊन गर्भाची तपासणी करता येते, आजार असेल तर थांबवता येतं, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. तिने मला विचारलं, खरं का? मी खरं म्हणून सांगितलं. ती पोराकडे बघून म्हणाली, "मग हा पण नको होता का?" पोरगं तेव्हा माझ्या यंत्राने स्वतःच्या तळहातावर लाल उजेड पाडत होतं.

ते जोडपं तपासणीला गेलं नाही. दुसरं एखादं गेलं असतं, आणि मी त्यालाही नावं ठेवली नसती, कारण त्या दुखण्याच्या कळा आल्या की रात्रभर पोर कसं तडफडतं ते मी ऐकलेलं आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर आपला कायदा असा आहे: वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, वीस ते चोवीस आठवड्यांत ठरावीक बायकांसाठी दोन डॉक्टरांचं, आणि गर्भात मोठं व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने चोवीसच्या पुढेही. बलात्कारातून राहिलेल्या गर्भाला चोवीसची मर्यादा, व्यंग असलेल्याला नाही. ही उतरंड कुणी आणि कशी ठरवली, यावर भिशीत कधी कुणी बोललेलं मी ऐकलं नाही. सगळा वेळ 'आजकालच्या पोरीं'वर जातो.

त्या पोरींविषयीही दोन वाक्यं लिहिते. जुन्या कायद्यात गर्भनिरोधक फसलं हे कारण 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' यांच्यापुरतंच होतं. २०२१ मध्ये तिथे 'कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार' असं आलं, आणि २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने चोवीस आठवड्यांपर्यंतची सोय अविवाहित मुलींनाही आहे असा निकाल दिला. लग्नातल्या बलात्कारालाही गर्भपाताच्या कामापुरतं बलात्कार मानलं. लग्नाआधी काय करावं यावर मी कुणाला प्रवचन देत नाही, पण निरोधाचं पाकीट मागायला आलेल्या मुलाला जो दुकानदार डोळे वटारतो, त्याने नंतर मुलीच्या नावाने बोटं मोडू नयेत, एवढं माझं स्पष्ट मत आहे.

"हे सगळं पाश्चात्त्यांचं खूळ" असंही भिशीत निघालंच. म्हणून सांगते. १८६३ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, कारण फसवल्या गेलेल्या विधवा एक तर स्वतः मरत होत्या, नाहीतर जन्मलेलं पोर मारत होत्या. तिथे आलेल्या काशीबाईचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तो यशवंत. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्या पायी कॉलेजातली नोकरी गेली, खटले झाले, तरी 'समाजस्वास्थ्य' मासिक मरेपर्यंत चालवलं. १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने संततिनियमनाच्या बाजूने ठराव आणला आणि तो फेटाळला गेला. गांधीजींना साधनं मान्य नव्हती, त्यांचा भर संयमावर होता. म्हणजे भांडण घरचंच आहे, आणि जुनं आहे. संयमाच्या बाजूबद्दल मला आदर आहे, फक्त एक अडचण आहे: तो संयम ज्याने पाळायचा, तो माझ्या काउंटरवर दुपारी कधी येत नाही.

पुरुष या सगळ्यातून कसा निसटला, याचा एक धागा माझ्या घरातच आहे. माझे वडील शिरपूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. आणीबाणीत, १९७६ मध्ये, मास्तरांना नसबंदीच्या 'केस' आणायचा हुकूम होता. केस नाही तर पगार नाही. पावसाळ्याच्या तोंडावर आदिवासी पाड्यांवर शिक्षक दिसला की तरुण पोरं जंगलात पळत, असं ते सांगायचे. वडिलांना दुसऱ्याला फसवून नेणं जमेना, म्हणून ते स्वतःच टेबलावर झोपले. घरात आम्ही दोघी बहिणी, मी पाळण्यात. दोन मुलींवर नसबंदी करून घेणारा मास्तर म्हणून भावकीत त्यांची खूप थट्टा झाली. पुढे कुणी त्याला मोठा आदर्श वगैरे म्हटलं की ते तोडायचे, "आदर्श कसला, पगार अडला होता."

त्या एका वर्षात, १९७६-७७ मध्ये, देशात ८२ लाखांवर नसबंद्या झाल्या, त्यांत ६० लाखांहून जास्त पुरुषांच्या. सरकार पडलं. आणि पुरुषाच्या नसबंदीचा आग्रह धरायची हिंमत मग कुठल्याच सरकारला झाली नाही. टार्गेट मात्र राहिलं, ते बायकांकडे सरकलं. बायका जंगलात पळू शकत नव्हत्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीचा (२०१९-२१) आकडा बघा: देशात लग्न झालेल्या बायकांत जवळजवळ ३८ टक्के जणींचं टाक्याचं किंवा बिनटाक्याचं ऑपरेशन झालेलं. पुरुषांचं ०.३ टक्के. पुरुषाचं ऑपरेशन सोपं, बिनटाक्याचं, काही मिनिटांचं. बाईचं पोटातलं. तरी "त्यांना शेतात जड काम असतं" म्हणून बाईच झोपते, आणि आठवड्याभरात तीच कापूस वेचायला जाते.

वरून ग्रामपंचायतीची दोन अपत्यांची अट. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर निवडणूक लढवता येत नाही. हेतू लोकसंख्येचा. आमच्या भागात एका गावात सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं आणि ज्या घराची सून उभी राहणार होती तिला दिवस गेले होते, तिसरे. निवडणुकीचा अर्ज भरायच्या आत 'मोकळं' केलं. निवडून आली. सत्काराला गावात बँड होता. तिला ते मूल हवं होतं की नको, हे घरात कुणी विचारलं नसेल. पुढे ती एकदा दुकानात आली तेव्हा माझ्याजवळ त्या विषयावर एवढंच बोलली की बैठकीला नवराच जातो. पाडायला कायदा कारणं मागतो, पण हे कारण त्यात कुठे बसवलं असेल? 'बाईच्या मानसिक आरोग्याला धोका' यात बसवलं असणार. बसतं सगळंच.

मला विचाराल, तर गर्भ म्हणजे काहीच नाही असं मी मानत नाही. माझी स्वतःची दोन बाळंतपणं झाली आहेत, पोटातलं पहिलं हलणं मला आठवतं. पण तो काही नसतो असं कुठल्या बाईने मला काउंटरवर आजवर म्हटलेलं नाही. पापाची भाषा जी बोलतात त्यांना वाटतं, बाईला कळतच नाही. तिला चांगलं कळतं. ती ते कळून येते, तीही दुपारी, उन्हाची, धाकटीला कडेवर घेऊन. आणि माझा राग खरं तर इथे आहे की नीती-अनीतीचा सगळा हिशेब पाळी चुकल्यानंतर उघडतो. त्याच्या आधीच्या रात्री कुणी 'नको' म्हटलं होतं का, कुणी ऐकलं का, पाकीट आणायला कोण जाणार होतं, याची वही कुणी मांडत नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी दरवर्षी पुरुष नसबंदीचा पंधरवडा असतो. आरोग्य खात्याचं पोस्टर येतं, इतकी वर्षं ते गल्ल्यामागे गुंडाळलेलं पडून राहायचं. यंदा मी काचेवर चिकटवलं. नवरा म्हणाला, गिऱ्हाईक हसतील. हसले. दोघा-तिघांनी त्याला "काय मग, तुमचं झालं का?" विचारलं, आणि तो दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. निरोधची पाकिटं पण मी आतल्या कपाटातून काढून टूथपेस्टच्या शेजारी मांडली आहेत. सासूबाईंनी बघितली, काही बोलल्या नाहीत. मात्र देवाच्या उदबत्तीचे पुडे त्या फळीवरून उचलून दुसरीकडे ठेवले.

पंधरवड्यात पोस्टर वाचून आत येणारा एकच निघाला. केळीच्या गाडीवरचा हमाल, तीन मुलांचा बाप. तोही दुपारीच आला. त्याला दोन गोष्टी हव्या होत्या: काम किती दिवस बंद राहील, आणि 'ताकद' जाते का. मी सांगितलं, ताकद कुठे जात नाही. दोन दिवस आराम, आठवडाभर घड उचलायचे नाहीत. आणि लगेच मोकळं समजायचं नाही. तीन महिने निरोध वापरायचा, मग वीर्य तपासून घ्यायचं, ते स्वच्छ आलं की झालं. त्याने तीन महिन्यांवर जरा तोंड वाकडं केलं. मग आठवडाभराची मजुरी मनात मोजली, शिबिराची तारीख बिलाच्या मागे लिहून घेतली, आणि जाता जाता निरोधचं पाकीट मागितलं, नेहमीच्या आवाजात.